एलिस बेटावरच्या त्या बिचाऱ्या कारकुनाला सोडा

"पणजोबा अमेरिकेत उतरले. एलिस बेटावरच्या कारकुनाला त्यांचं आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्यानं मनाला येईल ते लिहिलं आणि घराण्याचा माग तिथंच तुटला." अमेरिकेत ही गोष्ट घराघरांत सांगतात. (एलिस बेट म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र.) हल्ली आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही ती 'बघा, ओळख कशी पुसली' अशी फोडणी देऊन फिरते. ऐकायला झकास आहे. अडचण एवढीच, की तिच्यातला कारकून नावं लिहीतच नव्हता.

"सगळे एलिस बेटावरूनच आले" हे आधी निकालात काढू. ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ रोजी. १८५५ पासून न्यूयॉर्कला येणारे कॅसल गार्डन या जुन्या केंद्रात उतरत, त्याआधी थेट धक्क्यावर. बोस्टन, बाल्टिमोर, न्यू ऑर्लीन्स ही बंदरं वेगळीच. १६२० साली इंग्लंडहून 'मेफ्लॉवर' जहाजावरून निघालेल्या १०२ प्रवाशांची नावं आज कळतात ती मुख्यतः त्यांच्या वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याच्या हस्तलिखितामुळे. फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मनांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून १७२७ पासूनच्या त्यांच्या याद्या मिळतात. या जर्मनांमधल्या कित्येक म्युलरांचे मिलर आणि झिमरमनांचे कार्पेंटर झाले, तेव्हा एलिस बेटावर सरकारी टेबलखुर्चीसुद्धा नव्हती.

आता कारकून. प्रवाशांची यादी न्यूयॉर्कला तयार होत नसे. ती जहाज कंपनीची माणसं हॅम्बुर्ग, लिव्हरपूल, नेपल्स अशा निघण्याच्या बंदरांवरच भरत. नाव, वय, धंदा, शेवटचा मुक्काम, कुणाकडे जाणार, सगळं तिथंच लिहिलं जाई. एखाद्याला अमेरिकेनं परत पाठवलं, तर त्याला नेण्याचा खर्च कंपनीच्या माथी येई, त्यामुळे यादी वाटेल तशी खरडून चालत नसे. एलिस बेटावरच्या मोठ्या दालनात निरीक्षकासमोर हीच यादी उघडलेली असायची. प्रवाशाच्या कोटाला टाचलेल्या चिठ्ठीवर यादीचं पान आणि ओळ असे. निरीक्षक ती ओळ काढायचा, प्रश्न विचारायचा आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचा. तुलनाच करायची तर रेल्वेतल्या टीसीशी करा. चार्टवर 'कुलकर्णी' असेल तर टीसी त्याचं 'कपूर' करत नाही.

बरं, भाषेचं काय? तिथं दुभाषे पगारावर होते. पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेलो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० या काळात तिथंच दुभाषा होता. इटालियन, जर्मन, क्रोएशियन त्याला येत. आणि 'नवं नाव' लिहिलेला कुठलाही दाखला प्रवाशाच्या हातात दिला जात नसे. मग बदललेलं नाव त्याच्यावर लादणार तरी कसं?

याद्यांत चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. स्पेलिंगचे घोळ भरपूर होते, पण ते युरोपातल्या बंदरावरचे.

नावं बदलली, हे मात्र खरं. बदलली ती लोकांनीच. फसवणुकीचा हेतू नसेल, तर कोर्टात न जाताही माणूस नवं नाव वापरू शकत असे. मुकादमाला हाक मारायला सोपं, दुकानाच्या पाटीवर बसेल, पोरांना शाळेत कुणी चिडवणार नाही, असं नाव लोक घेत. १९०६ च्या कायद्यानं तर नागरिकत्व घेताना कोर्टाकडूनच नाव बदलून घेण्याची सोय केली. आपल्याकडेही मूळ आडनाव सुटून गावावरून 'कर' लागलेली घराणी कमी नाहीत. त्यांच्या मागे कुणी कारकून लागला नव्हता. मला वाटतं, "आजोबांनी स्वतःच आडनाव टाकलं" हे नातवाला जड जातं, म्हणून खापर साहेबावर.

राहिला शेवटचा दावा: "एलिस बेटावरच्या १८९७ च्या आगीत सगळं जळालं." आग लागली, कागद जळाले, खरंय. पण १८१९ च्या कायद्यामुळे १८२० पासून जहाजांच्या याद्या कस्टम्सकडे जात होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच टिकल्या. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या याद्याही आहेत. ब्रेमेन या दुसऱ्या जर्मन बंदराच्या बहुतेक गेल्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची कागदपत्रंही जवळजवळ सगळी गेली, तिथं मात्र हात टेकावे लागतात.

खरं तर शोधणाऱ्याला बदललेल्या नावापेक्षा जुळणारं नाव जास्त फसवतं. एलिस बेटावर नोंदली गेलेली पहिली प्रवासी ॲनी मूर, आयर्लंडमधल्या कॉर्कची मुलगी. ती पुढे टेक्सासला गेली असं वर्षानुवर्षं मानलं गेलं आणि तिथल्या ॲनी मूरच्या वंशजांना समारंभांची आमंत्रणं जात राहिली. वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेनियाकनं कागद तपासले, तर ती टेक्सासवाली इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली! मग खरी कोण, याच्या पुराव्यासाठी तिनं १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. २००६ साली धागा हाती लागला तो ॲनीच्या धाकट्या भावाच्या नागरिकत्वाच्या कागदातून. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठं गेलीच नव्हती. लोअर ईस्ट साइडमध्ये तिनं संसार केला, कित्येक मुलं लहानपणीच गमावली आणि १९२४ साली ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर नाव नव्हतं. दगड बसला २००८ साली.