'शिळं ऑर्किड गळ्यात मारलं' या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही दोनदा फोन केलात आणि आमच्याकडून उचलला गेला नाही, ती चूक आमचीच.

पण '1200 रुपयांना शिळं झाड गळ्यात मारलं, आठ दिवसांत सगळ्या कळ्या गळाल्या' हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तुम्ही झाड नेलंत, तेव्हा दांड्यावर पाच फुलं आणि सात कळ्या होत्या. काउंटरवर आपण दोघांनी मोजल्या. कळ्या टपोऱ्या, हिरव्यागार होत्या. शिळ्या झाडाच्या अशा नसतात हो.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कुंडीला खेटून हापूसची पेटी आहे, वरचे आंबे पिवळे झालेत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो. आढीतले आंबे त्यानेच पिकतात आणि फॅलेनॉप्सिसच्या, म्हणजे तुमच्या या ऑर्किडच्या, कळ्याही त्यानेच पिवळ्या पडून गळतात. खोली बंद असेल तर आणखी लवकर. पाणी सांगितलं, ऊन सांगितलं, आंब्यांचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात पुण्यात झाड विकताना ते सांगायलाच हवं होतं, हे मान्य.

आणखी एक. आमची भोकांची कुंडी काढून तुम्ही झाड चिनी मातीच्या बंद भांड्यात लावलंय आणि रोज पाणी घालता असं लिहिलंय. हे मातीतलं झाड नाही, ताई. जावा, बोर्निओ, फिलिपिन्सच्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वाढतं. मुळं उघड्यावर, पावसाने भिजतात, वाऱ्याने सुकतात. मुळं चंदेरी दिसली की पाणी घालायचं, हिरवी असतील तर थांबायचं. हे मी बिलाच्या मागे लिहून दिलं होतं.

किमतीचं म्हणाल, तर प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपाला पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढी वर्षं ते कुणीतरी सांभाळलेलं असतं.

झाड मेलेलं नाही. फोटोत पानं ताठ आहेत, दांडा हिरवा आहे. खालची दोन-तीन पेरं ठेवून वरचा दांडा कापला तर पेरातून पुन्हा फुटू शकतो. यापुढे प्रत्येक झाडासोबत छापील कागद देऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

कुंडी घेऊन या, मी स्वतः झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावून देतो, पैसे नकोत. मुळं तुमच्यासमोरच काढून बघू. ती चांगली निघाली, तर 'शिळं' हा शब्द तेवढा काढा, एवढी विनंती.