अलाबामाच्या एका चाहत्याला लांबलचक उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. खाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून वेगळंच लिहायला घेतलं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, कोण खेळणार, हे मैदानाइतकंच करारनाम्यांवरही ठरतं. त्यावर अलाबामा विद्यापीठात शिकलेल्या या वाचकांनी मला चांगलंच धारेवर धरलंय. त्यांच्या मते मला उठसूट पैसा दिसतो. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला वगळलं ते योग्यच होतं, कारण पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांचा ६३-३ असा धुव्वा उडवला. आणि निवड पैशावर होत असती तर २०२५ मध्ये नोटर डेमसारखा टीव्हीवर हमखास गर्दी खेचणारा संघ घरी बसलाच नसता. शेवटी, संघ निवडणाऱ्या समितीवरून टोमणा : "तेरा माणसं प्रामाणिकपणे काम करतात आणि तुम्ही लांब बसून त्यांना भ्रष्ट ठरवता."

भ्रष्ट हा शब्द माझ्या लेखात नाही. समितीतल्या कुणी पैसे खाल्ले असं मला वाटतही नाही. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं, हा नियम ते पाळतात. २०२३ मध्ये समितीचे अध्यक्ष होते बू कॉरिगन, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे ॲथलेटिक डायरेक्टर (क्रीडा विभागप्रमुख). म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्याच एसीसी कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट). आपल्याच कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर का, हे टीव्हीवर सांगायची पाळी त्यांच्यावर आली. प्लेऑफ दाखवणाऱ्या ईएसपीएन वाहिनीने डाव टाकला, ही सोशल मीडियावरची थिअरीही मला पटत नाही. एसईसीचे, म्हणजे अलाबामाच्या कॉन्फरन्सचे, सामने ईएसपीएनकडे आहेत, तसे एसीसीचेही आहेत. इथवर आपलं एकमत आहे.

आता ते ६३-३.

फ्लोरिडा स्टेट १३-० होतं, म्हणजे तेरा विजय, पराभव एकही नाही. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची चार संघांच्या त्या पद्धतीतली (बारा संघ २०२४ पासून) ही पहिलीच वेळ. निर्णय जाहीर झाल्यावर एनएफएल या व्यावसायिक लीगकडे डोळे लावून बसलेल्यांनी दुखापत नको म्हणून सामना सोडला, काहींनी दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली. दोन डझनांहून जास्त खेळाडू त्या रात्री नव्हते. जे मैदानात उतरलं ते समितीने नाकारलेलं फ्लोरिडा स्टेट नव्हतंच. आणि नंतरच्या निकालावरून आधीची निवड बरोबर ठरवायची असेल, तर ती फूटपट्टी तुम्हालाही लावावी लागेल. २०२५ मध्ये तीन पराभव खांद्यावर घेऊन अलाबामा आत आलं, ओक्लाहोमाला त्यांच्या घरी हरवलं हे कबूल, पण रोझ बोलमध्ये इंडियानाने ३८-३ ने लोळवलं. त्यावरून "अलाबामाची निवड चूक होती" असं मी म्हणणार नाही. तुम्हीही ६३-३ पुढे करू नका.

समितीचं खरं कारण होतं क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याची दुखापत. त्याच्याशिवाय हा संघ पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही, असं कॉरिगन म्हणाले. नियमावलीत याला आधार आहे. महत्त्वाचा खेळाडू नसला आणि त्याचा पुढच्या कामगिरीवर परिणाम होणार असला, तर समिती ते लक्षात घेऊ शकते. पण तुम्ही अलाबामाचे, म्हणून २०१४ ची आठवण करून देतो. प्लेऑफचं पहिलंच वर्ष. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले आणि तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स उभा राहिला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्यांनी विस्कॉन्सिनला ५९-० असं चिरडलं, म्हणून त्यांना घेतलं गेलं. उपांत्य सामन्यात त्या तिसऱ्या पोराने कुणाला हरवलं? तुम्हालाच, ४२-३५. आणि पुढे तेच विजेते झाले. फ्लोरिडा स्टेटनेही तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकवर लुईव्हिलला हरवून कॉन्फरन्स जिंकली, पण १६-६ अशी, रडतखडत. थोडक्यात, नियमाचा उंबरठा असा की बचावाच्या जोरावर जिंकलात तर शंका, गुणांचा पाऊस पाडलात तर प्रवेश. हे कुठे लिहिलेलं नाही. समितीला तसं वाटलं, इतकंच.

एक गंमत सांगतो. ट्रॅव्हिस जखमी झाला तो शनिवार १८ नोव्हेंबर २०२३, समोर नॉर्थ अलाबामा हा खालच्या श्रेणीतला संघ. त्याच शनिवारी तुमचं अलाबामा काय करत होतं? खालच्याच श्रेणीतल्या चॅटानूगाला ६६-१० ने हरवत होतं. अशा सामन्यांना मोठी विद्यापीठं छोट्यांना चांगली रक्कम मोजतात. छोट्यांचं खेळाचं अंदाजपत्रक त्यावर सावरतं, मोठ्यांना घरच्या मैदानावर एक तिकीटविक्री आणि एक बिनघोर विजय मिळतो. एसईसी तेव्हा कॉन्फरन्समधले आठच सामने खेळायची, दुसरी बडी कॉन्फरन्स बिग टेन नऊ. ऐन नोव्हेंबरात, बाकीचे एकमेकांना झोडपत असताना, एसईसीतल्या अनेकांचा असा विसाव्याचा शनिवार असे. तरी "आमचं वेळापत्रक सगळ्यांत खडतर" हा दावा कायम, आणि समितीत तो चालायचाही. ऑगस्ट २०२५ मध्ये प्लेऑफवाल्यांनी वेळापत्रकाच्या अवघडपणाला जास्त वजन देणारी नवी मोजणी आणली आणि त्याच सुमारास एसईसीने २०२६ पासून नऊ सामने जाहीर केले. निकष बदलला की वेळापत्रक बदलतं, हे तुम्ही योगायोग म्हणाल का?

नोटर डेमचा मुद्दा मात्र तुमच्या प्रतिक्रियेतला सर्वांत दमदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. २०२५ मध्ये नोटर डेम १०-२, मायामीही १०-२, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच मायामीने नोटर डेमला २७-२४ ने हरवलेलं. तरी समितीच्या साप्ताहिक यादीत नोटर डेम कित्येक आठवडे मायामीच्या वर. शेवटच्या शनिवारी दोघांपैकी कुणीच खेळलं नाही. रविवारी यादी आली तेव्हा मायामी दहावं, नोटर डेम अकरावं. स्पष्टीकरण असं की मधलं ब्रिगहॅम यंग हरून खाली गेलं, त्यामुळे हे दोघे शेजारी आले आणि मग आपसातल्या सामन्याकडे बघितलं गेलं. ऑगस्टअखेर लागलेला निकाल डिसेंबरात आठवला! त्याच शनिवारी अलाबामा जॉर्जियाकडून २८-७ ने हरलं आणि नवव्या जागेवरून तसूभरही हललं नाही.

टीव्हीचा पैसा खोलीत बसून मतं देत असता, तर नोटर डेम नक्कीच आत असतं. इथे तुमचं बरोबर आहे. पण निर्णयानंतर काय झालं ते बघा. नोटर डेमने बोल सामन्याचं निमंत्रणच नाकारलं. त्यांचे ॲथलेटिक डायरेक्टर पीट बेव्हाक्वा यांनी राग काढला तो समितीपेक्षा एसीसीवर, कारण एसीसीने आपल्या माध्यमांतून मायामीची बाजू लावून धरली होती. नोटर डेमचे बहुतेक खेळ एसीसीत, फुटबॉल तेवढं स्वतंत्र. एसीसीचा विजेता निघाला ८-५ वालं ड्यूक, ते पात्रच ठरलं नाही. मायामी बाहेर राहिलं असतं तर त्या वर्षी एसीसीचा एकही संघ प्लेऑफमध्ये नसता. प्रत्येक पात्र संघामागे कॉन्फरन्सला आधी ४० लाख डॉलर, उपांत्यपूर्व फेरीला आणखी ४० लाख, मग उपांत्य आणि अंतिम फेरीला प्रत्येकी ६० लाख मिळायचे. मायामी अंतिम सामन्यापर्यंत गेलं. नोटर डेम स्वतंत्र, त्याला ते पैसे कुणाशी वाटून घ्यावे लागत नाहीत. आता सांगा, एसीसी कुणाची बाजू घेणार होती?

आणि याहून महत्त्वाची गोष्ट आधीच लिहून झाली होती. २०२४ च्या करारात एक कलम आहे : २०२६ पासून नोटर डेम पहिल्या बारांत असेल तर त्याला जागा पक्की. २०२५ मध्ये ते अकरावं होतं. म्हणजे तोच संघ, तेच निकाल, तीच समिती, फक्त एक वर्ष उशिरा, आणि नोटर डेम आत. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी फारसं काही घडत नाही, जे घडायचं ते सभासदांची यादी पक्की होताना घडून गेलेलं असतं. मी पैसा दिसतो म्हणतो तो तिथे. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या हॉटेलात ती तेरा माणसं जमतात तोवर यादी पक्की झालेली असते.

तो करार जरा उघडून बघू. फ्लोरिडा स्टेटच्या प्रकरणाला चार महिनेही झाले नव्हते. मार्च २०२४ मध्ये ईएसपीएनने प्लेऑफचे हक्क सहा वर्षांसाठी ७८० कोटी डॉलरला, म्हणजे वर्षाला १३० कोटींना घेतले. आधी मोठ्या पाच कॉन्फरन्सना साधारण सारखा वाटा असे. त्यांतली पॅक-१२ फुटली आणि नव्या वाटणीत बिग टेन आणि एसईसी यांना प्रत्येकी सुमारे २९ टक्के, एसीसीला १७ च्या आसपास, बिग १२ ला १५ च्या आसपास. विद्यापीठामागे बघितलं तर पहिल्या दोघांकडे वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरहून जास्त, एसीसीत १ कोटी ३० लाखांच्या पुढेमागे, आणि छोट्या कॉन्फरन्समध्ये १८ लाख. शिवाय २०२६ नंतर स्पर्धेचं स्वरूप काय असावं, यात शेवटचा शब्द त्याच दोघांचा. बाकीच्यांनी सही का केली? नाही तर बिग टेन आणि एसईसी स्वतःची वेगळी स्पर्धा काढतील, ही भीती. ती कुणी फार लपवलीही नाही.

हा पैसा पुढच्या वर्षीचा संघ घडवतो. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मर्यादा सगळ्यांना एकच, पण प्लेऑफच्या वाट्यातून ती जवळजवळ पूर्ण भागवणारं विद्यापीठ आणि १८ लाख हातात असलेलं विद्यापीठ एकाच रांगेत उभे नाहीत. मग समिती प्रामाणिकपणे म्हणते की एसईसीचे संघ तगडे दिसतात. दिसणारच की.

फ्लोरिडा स्टेटने हे बरोबर ओळखलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी खटला भरला तो समितीवर नाही, आपल्याच कॉन्फरन्सवर. एसीसीचा ईएसपीएनशी २०३६ पर्यंतचा करार, आणि बाहेर पडायचं तर त्यांच्याच हिशेबाने ५७ कोटी २० लाख डॉलरचा भुर्दंड. मार्च २०२५ मध्ये समेट झाला. एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येवर वाटला जाणार आणि बाहेर पडण्याची किंमत वर्षागणिक घटत २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटींवर येणार. ज्यांचे सामने जास्त लोक बघतात त्यांना जास्त, या तत्त्वावर वेक फॉरेस्टसारख्या छोट्या विद्यापीठाचं पुढे काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

राजकारण्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की ते फक्त फोटोपुरते येतात. बरंचसं खरं आहे. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस यांनी खटल्यासाठी १० लाख डॉलरची तरतूद सुचवली, सिनेटर रिक स्कॉट यांनी समितीला पत्र लिहून जाब विचारला. हेच स्कॉट गव्हर्नर असताना त्यांनी २०१७ च्या अपराजित सेंट्रल फ्लोरिडाला राष्ट्रीय विजेते घोषित करणारं पत्रक काढलं होतं. प्लेऑफ समितीने त्या संघाला बारावं ठेवलं होतं. पण प्लेऑफच्या आधीची, अंतिम सामन्याचे दोनच संघ ठरवणारी बीसीएस पद्धत मोडली त्यात यूटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांच्या २००९ मधल्या सुनावणीसारख्या दबावाचा वाटा होता, असं मला वाटतं. त्याआधीच्या हंगामात यूटा १३-० होतं, अलाबामाला हरवून, आणि त्यांना अंतिम सामना मिळाला नव्हता. (तुमचा संघ प्रत्येक गोष्टीत येतो, त्याला मी काय करू?) दबाव आणायला दुसरी जागाच नाही. या श्रेणीतल्या फुटबॉलची अजिंक्यपद स्पर्धा एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, भरवत नाही. ती कॉन्फरन्स आणि नोटर डेम यांनी मिळून चालवलेली खासगी व्यवस्था आहे. दाद कुणाकडे मागणार?

"मग तुम्ही काय कराल?" या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. कामावर असलेल्या ॲथलेटिक डायरेक्टरना समितीत घेऊ नये. स्वतःच्या विद्यापीठाच्या वेळी बाहेर जाणं ठीक, पण कॉन्फरन्समधल्या शेजाऱ्याला जागा मिळाली की फायदा यांच्या कॉन्फरन्सचाही होतो, आणि तेव्हा हे खोलीतच असतात. मतं नावानिशी प्रसिद्ध करावीत. आणि नोव्हेंबरातला मंगळवारच्या यादीचा टीव्ही कार्यक्रम बंद करावा. त्याच्यामुळेच समितीला आपल्याच आधीच्या क्रमवारीचं समर्थन करत बसावं लागतं, मायामीच्या बाबतीत हेच झालं.

यातलं काहीच होणार नाही, हेही सांगून ठेवतो. २०२६ मध्ये बाराच संघ राहणार आहेत, पण ते न्यायाच्या विचाराने नाही. एसईसीला सोळा संघ हवे होते, बिग टेनला आधी पक्क्या जागा आणि मग चोवीस संघ, आणि दोघांचं जमलं नाही. पुढची मुदत येईल तेव्हा कोणता आकडा ठरतो ते बघू. माझा अंदाज सोळाच्या वर. तुमचा काय?