छपरावरचं सोलर आणि गल्लीतला डीपी

मे महिन्यातली दुपार, साडेबारा वाजलेले. अंगणात टाकलेले पापड तासाभरात कडकडीत वाळावेत असं ऊन. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या छपरावरचं तीन किलोवॅटचं सोलर बंद! पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून तारेत सोडणाऱ्या इन्व्हर्टरवर तांबडा दिवा, खाली अक्षरं, 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', म्हणजे बाहेरच्या तारेतला विजेचा दाब जास्त. पाच-सात मिनिटांनी आपणहून सुरू व्हायचं, थोडं चालायचं, पुन्हा बंद. सोलर बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पॅनेल ओके आहेत, लाइनचा प्रॉब्लेम आहे." वायरमनला फोन केला. तो म्हणाला, "बाई, लाइन तर झकास चाललीया."

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, म्हणून माळ्यावरचा मल्टिमीटर काढला आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. 256 व्होल्ट. रात्री साडेआठला त्याच प्लगला पुन्हा लावला. 204. मग एक जुनी वही घेतली आणि आठ दिवस दर दोन तासांनी आकडा लिहीत बसले. (यजमान म्हणाले, रिटायर झालीस तरी हजेरी घ्यायची सवय जात नाही.)

आपल्याकडे घरात यायला हवेत 230 व्होल्ट, सहा टक्के इकडेतिकडे चालतं. छपरावरच्या सोलरसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा 2013 चा नियम आहे: व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे 253 च्या पुढं गेलं, की इन्व्हर्टरनं दोन सेकंदांत वीज देणं थांबवायचं. म्हणजे माझं यंत्र बिघडलं नव्हतंच. ते नियमानं वागत होतं.

आता गंमत बघा. आपली सगळी वीजव्यवस्था एकाच दिशेनं विचार करून बांधलीय. लांब कुठंतरी कोळसा जळतो, मोठ्या तारांतून वीज सबस्टेशनला येते, तिथून फिडर म्हणजे भागाभागात जाणारी मोठी लाइन, फिडरवरून डीपी म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, डीपीवरून खांबाखांबानं तुमच्या घरी. नळाच्या पाण्यासारखं. शेवटच्या घराला दाब कमी मिळणार हे गृहीतच, म्हणून बऱ्याच डीपींमध्ये टॅप असतो, म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीनं वर-खाली करायची सोय. तो एक-दोन पायऱ्या वर चढवून ठेवला की संध्याकाळी टोकाच्या घरातला बल्ब मिणमिणत नाही. आमच्या डीपीचा टॅप कधीतरी असाच चढवलेला होता, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण त्या वेळी गल्लीतल्या घरांतून उलटी वीज डीपीकडं यायला लागेल हे कुणाच्या स्वप्नात होतं? दुपारी सगळे कामावर, पोरं शाळेत, पंखेसुद्धा बंद, आणि सहा घरांची छपरं मिळून अठरा किलोवॅट तारेत ढकलतायत. ती वीज जाण्यासाठी दाब वाढणार. वाढला. 256.

वायरमन गुरुवारी आला. पोरगं माझ्याच हाताखालून गेलेलं, म्हणून वही दाखवायला मला संकोच नव्हता आणि बघायला त्याला. त्यानं खांबावरच्या जोडण्या मोजल्या आणि खाली उतरून डोकं खाजवलं. "बाई, सोलरवाली समदी घरं एकाच फेजवर हैत की!"

खरी मेख ही होती. आमचा डीपी 63 केव्हीएचा (केव्हीए हे क्षमतेचं माप, ढोबळमानानं किलोवॅटच धरा). डीपीच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपर्यंत सोलर जोडायला राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांत मुभा आहे, म्हणजे आमच्याकडे 44 किलोवॅट. कागदावर अठरा म्हणजे निम्मंसुद्धा नाही. पण 63 चा डीपी म्हणजे तीन फेज, म्हणजे वीज वाहणाऱ्या तीन वेगळ्या तारा, एका फेजला 21. आणि आमचे अठराच्या अठरा एकाच फेजवर! वीस वर्षांपूर्वी घरं बांधली गेली तशी जी तार हाताला आली तिला जोडणी दिली गेली, त्यात कुणाची चूक नाही. त्यानं तीन घरं दुसऱ्या दोन फेजवर वाटून दिली, डीपीची लाइट बंद करून टॅप एक पायरी खाली घेतला. संध्याकाळी टोकाच्या घरातून आजी ओरडत आल्या, "घरघंटी फिरंना!" मग टॅप पुन्हा होता तिथं. फेज वाटल्याचा फायदा मात्र राहिला. दुपारचा आकडा 248 वर आला, सोलर चालू राहिलं.

एवढं पाल्हाळ का लावलं? कारण गेलं वर्षभर जिकडंतिकडं पॅनेलचीच चर्चा ऐकतेय. अनुदान किती, कुठल्या कंपनीचं, किती वर्षांत पैसे फिटतात. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरं, 75,021 कोटी रुपये, तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान. चांगली योजना आहे, मीही लाभ घेतला, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी केंद्रानं नियम बदलून दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीची अटच काढून टाकली. कागदपत्रांत अडकलेल्या लोकांची सुटका झाली, बरं झालं. पण मग आमच्यासारख्या गल्लीत फेज कोण मोजणार? पॅनेल छपरावर चढवायला दोन दिवस लागतात. त्या छपराखालच्या तारेला दुहेरी वाहतूक शिकवायला कोण, कधी, कुणाच्या पैशांनी येणार, हे मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नाही.

जर्मनीत हे होऊन गेलंय. तिथं सोलर इन्व्हर्टरांना सांगून ठेवलं होतं की फ्रिक्वेन्सी 50.2 हर्ट्झच्या वर गेली की बंद व्हा. थोडी छपरं होती तोवर ठीक. पुढं छपरं इतकी झाली की सगळी एकदम बंद पडली तर देशाचं ग्रिडच कोसळायचं. मग 2012 मध्ये कायदा करून तीन लाखांहून जास्त ठिकाणची यंत्रं दुरुस्त करावी लागली. आधी विचार केला असता तर तो खर्च वाचला असता. आपण अजून 'आधी'च्या टप्प्यावर आहोत.

डीपीला डोळे हवेत, एवढं साधं माझं म्हणणं आहे. 2021 च्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेत ग्राहकांच्या पंचवीस कोटी स्मार्ट मीटरांसोबत डीपीवर बसवायचे सुमारे 52 लाख मीटरही आहेत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही! आपल्याकडं भांडण झालं ते घरच्या मीटरवर, आणि का होणार नाही? आधी 'प्रीपेड' म्हणून सांगितलं. लोकांना वाटलं रिचार्ज संपला की रात्री लाइट जाणार. आंदोलनं झाली, 2024 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की सर्वसामान्य घरांना प्रीपेड लावणार नाही. मग टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर या नावानं स्मार्ट मीटर आले, तोवर विश्वास उडालेला. माझ्या मते हा सगळ्यात मोठा घोळ. ज्या यंत्रामुळं गल्लीतलं व्होल्टेज, फेजचा भार, चोरी, सगळं दिसू शकतं, ते वसुलीचं यंत्र म्हणून दारात आणलं. जेवणाच्या ताटात आधी बिल वाढलं, भाजी नंतर.

आता माझ्याच पायावर धोंडा पाडून घेते. माझं बिल आता स्थिर आकाराभोवतीच असतं. दुपारी तयार केलेली वीज मी तारेत टाकते आणि रात्री तेवढीच परत घेते. हिशेबात शून्य. पण दुपारची वीज आणि रात्रीची वीज सारखी कशी? दुपारी तर सगळ्यांच्याच छपरावर पीक आलेलं असतं. बाजारात टोमॅटोचा ढीग लागला असताना पाटी ठेवून जायची आणि श्रावणात म्हणायचं, माझी पाटी तेवढीच परत द्या! हे कोठार कुणीतरी सांभाळतंय. आमच्या साताऱ्याकडं ते काम कोयना करते. 1,960 मेगावॅट, संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत सुरू. पण कोयनेला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलंय, ते काही माझ्या एसीसाठी वाढणार नाही.

आणि पैशांचं? जास्त युनिट वापरणारा, वरच्या टप्प्यातला ग्राहक सोलर लावून बाहेर पडतो. तोच तर चढ्या दरानं पैसे भरत होता, त्याच्या जिवावर खालच्या टप्प्यातल्याला स्वस्त वीज मिळत होती. माझ्याकडं धुणंभांडी करणाऱ्या मावशी भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना छप्परच नाही, पॅनेल कुठं लावणार? तारा, खांब, वायरमनचा पगार यांचा खर्च मात्र तेवढाच, तो आता त्यांच्यासारख्यांच्या बिलातून निघणार. 2025 च्या वीजदराच्या वेळी दिवसा तारेत टाकलेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही, असा विषय निघाला तेव्हा सोलरवाले खवळले, मीही त्यात होते. आज वाटतं, रात्रीच्या कोठाराचं थोडं भाडं द्यायला माझी ना नाही. पण मग व्यवहार दोन्हीकडून हवा. मी बॅटरी लावून संध्याकाळी सात वाजता वीज दिली तर तिला दुपारच्यापेक्षा जास्त भाव द्या. भाडेकरूंना, फ्लॅटवाल्यांना दुसरीकडच्या सोलरमध्ये वाटा घेऊ द्या. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानं 2019 मध्येच अशा वाट्यासाठी व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम काढले. मावशींच्या बिलात एका शाळेच्या छपरावरचे दोन पॅनेल का नसावेत?

आपल्या राज्यानं एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केलीय, तिचं कौतुक व्हायला हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. 2017 मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरुवात, 2023 मध्ये दुसरा टप्पा, लक्ष्य 16,000 मेगावॅट. गावाजवळच्या सबस्टेशनला लागून काही मेगावॅटचं सोलर, आणि तिथून शेतीचे फिडर. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात 2024 मध्ये सुरू झाला. जागा देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. माझ्या भावाच्या उसाला एक आठवडा दिवसा आठ तास आणि एक आठवडा रात्री वीज असायची. रात्रीच्या पाळीला टॉर्च घेऊन, काठी आपटत तो बारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला जायचा. बिबट्याचं राहू द्या, फुरशाची भीती जास्त. दिवसा वीज म्हणजे त्याला काय, हे वहिनीला विचारा. वीज जिथं लागते तिथंच, लागते त्या वेळी, तारांचं लांबवर जाळं न ओढता. अशा मापाचा विचार गावठाणाच्या डीपीसाठीही करायला काय हरकत आहे?

बॅटरीचं एक राहिलं. मध्ये एका मंगळवारी मेन्टेनन्ससाठी लाइट गेली. कडक ऊन, छपरावर पॅनेल, आणि घरात पंखा बंद. शेजारचे काका हसले, "काय बाई, सूर्य पण गेला काय?" त्यांना समजावलं की ग्रिडची लाइट गेली की साधा इन्व्हर्टर बंद व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला माझ्या छपराचा झटका बसेल. त्यांना पटलं, पण पंखा काही फिरला नाही. घराघरात महागडी बॅटरी ठेवण्यापेक्षा डीपीपाशीच एक ठेवली तर? दुपारी गल्लीची जास्तीची वीज तिच्यात, संध्याकाळी घरघंटीला. टॅप वर-खाली करायची कटकटही कमी. दिल्लीत रोहिणीला सबस्टेशनपाशी दहा मेगावॅटची बॅटरी 2019 पासून आहे. आम्हाला त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीसुद्धा नको.

तोवर आम्ही आमच्यापुरती सोय केलीय. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, सगळं अकरा ते तीन. आजींना सांगितलं, पीठ दुपारी दळत जा. त्यांनी आधी नाक मुरडलं, आता त्याच इतरांना दटावतात.

परवा वायरमन पुन्हा आला. गल्लीतल्या आणखी दोन घरांचे अर्ज मंजूर झालेत. खांबावर चढण्याआधी दारात थांबून म्हणाला, "बाई, ती वही हाय का? जरा फोटो काढून घेतो. कुठल्या फेजवर टाकायचं ते बघून ठरवू."