विकतची माटोळी

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात दरवर्षी जीव तळमळतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांनी सजवलेली चौकट. तिची कांगलां, आंबाडे, तोरिंजन ही फळं, सुपारीचे घोस, सगळं विकत! लहानपणी आजोबांबरोबर डोंगरावर जाऊन आम्ही यातलं निम्मं गोळा करायचो. आपल्या रानातलं गणपतीच्या डोक्यावर बांधायचं, हाच तर माटोळीचा अर्थ. आता त्या डोंगराला कुंपण आहे आणि बाहेर भला मोठा फलक: निसर्गाच्या कुशीत तुमचं दुसरं घर. ती कुस जेसीबीने फाडली आहे हो!

पण खरी चीड वेगळीच आहे. २००७ साली याच गोव्यात लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ‘प्रादेशिक आराखडा २०११’, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, रद्द करावा लागला. २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम ३९-अ आलं, एकेका भूखंडाचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलायची वाट मोकळी झाली. त्यावर वाड्यावर बैठक बोलावली तर पाच माणसं आली. पाच! आणि इच्छुक उमेदवाराचा माणूस चवथीची पिशवी घेऊन आला, तेव्हा अख्खा वाडा दारात. तेल, साखर, गूळ, नारळ. शेजारचे काका मला म्हणतात, "अरे, तो दुसरा उमेदवार मिक्सर देतोय म्हणे."

काका, मिक्सर घेतल्यावर डोंगराचा जाब कुठल्या तोंडाने विचारणार? गिऱ्हाईक झालेल्या मतदाराला आमदार का घाबरेल?

यंदा आमच्या घरची पिशवी मी परत पाठवली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.