जीन टेस्ट, ‘मेंदू खाणाऱ्या गोळ्या’ आणि तो फॉरवर्ड

मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “दादा, गोळी थोडे दिवस बंद ठेवू का?” म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं. मेसेज म्हणतो, एचआयव्ही आहे आणि अंगात एपीओई-४ जीन आहे तर स्मृतिभ्रंश पक्का, एचआयव्हीच्या गोळ्या तो अजून लवकर आणतात, म्हणून गोळ्या सोडा, जीन टेस्ट करा आणि मेंदूचं ‘डिटॉक्स’ घ्या.

आधी गोळ्या सोडायचं बघू, कारण यात माणूस जातो. हे करून बघून झालंय बाबांनो! ‘स्मार्ट’ नावाची ट्रायल, ५,४७२ लोक, निम्म्यांची औषधं सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) २५० च्या खाली जाईपर्यंत बंद, मग ३५० च्या वर जाईपर्यंत परत सुरू, हेतू हाच की साइड इफेक्ट कमी व्हावेत. झालं भलतंच. बंद ठेवणाऱ्यांमध्ये संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घसरली की गाठणारे) किंवा मृत्यूचा धोका २.६ पट, वर हार्ट, किडनी, लिव्हरचे गंभीर त्रासही त्यांनाच जास्त. जानेवारी २००६ मध्ये हा प्रकार थांबवावा लागला. आणि मेंदूचं म्हणाल तर विषाणू लागण झाल्यावर लवकरच तिथे पोचतो, मोकळा सोडला की सूज धुमसत राहते आणि त्यात पेशी खराब होतात. एचआयव्हीमुळे होणारा तीव्र डिमेन्शिया दुर्मिळ झाला तो याच गोळ्यांमुळे.

जीनचं म्हणाल तर एपीओई-४ ने अल्झायमरचा धोका वाढतो हे खरंय, पण ‘पक्का’ कुठून आणलं? तो असूनही कित्येकांना काही होत नाही. एचआयव्ही असलेल्यांमध्ये तर निष्कर्ष उलटसुलट आहेत, एचआयव्ही आणि मेंदूवरच्या अमेरिकेतल्या ‘चार्टर’ अभ्यासात २०१३ साली या जीनचा मेंदूच्या त्रासाशी संबंध सापडलाच नाही. उलट त्याच अभ्यासात सीडी४ कधीकाळी किती खाली गेला होता याचा त्या त्रासाशी संबंध दिसला, आणि गोळ्या सोडल्या की तोच खाली जातो. म्हणजे मेसेज जे करायला सांगतो नेमकं तेच घातक.

बरं, एक गोष्ट मान्य. एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधाने चक्कर, विचित्र स्वप्नं, उदासी येते, आणि सीवायपी२बी६ जीनच्या काही प्रकारांत औषध रक्तात साठून त्रास वाढतो. पण त्यावर उपाय डॉक्टरांकडून औषध बदलून घेणं, बंद करणं नाही. आणि भावाच्या गोळीत एफाविरेन्झ नाहीचे, डोलुटेग्रॅविर हे दुसरं औषध आहे, डबीवर लिहिलंय, वाचा की जरा!

डिटॉक्सवर काय बोलणार. फक्त त्या पावडरीत कॅल्शियम, लोह, झिंक असेल तर डोलुटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही, तेवढं ध्यानात ठेव. आणि खरंच विसरायला होत असेल तर डॉक्टरांना सांग, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू किती), बी१२, थायरॉइड, बीपी-शुगर, झोप, डिप्रेशन आधी बघतात. जीन टेस्टचं नंतर.