घर कोणाचं ते राहू दे, पट्टी किती?

गोव्याच्या बातम्या उघडल्या की गेली काही वर्षं एकच वाद निरनिराळ्या वेशात समोर येतो. आसगावात दिल्लीवाल्याने जुनं घर घेतलं. शिवोलीत कुणाचं तरी भाट, म्हणजे माडांची बागायत, गेली. पर्वरीत टेकडी कापून इमारत चढली आणि खालच्या वाड्यावर नळाला पाणी नाही. प्रत्येक वेळी बोट एकाच दिशेला: भायले (बाहेरचे) आले, गोंय गेलं. इथे बसून मीही ते व्हिडिओ बघतो, रागही येतो. अडचण एवढीच की जिथे मी राहतो तिथला भायला मीच आहे.

मी गोव्यातल्या बार्देश तालुक्याचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण निम्मे नातेवाईक हे वाचणार. राहतो अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत, वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रकरण, फक्त तिच्या हातात पैसा आणि अधिकार बरेच जास्त. आकाराने ती गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी मोठी. एकेकाळी हा दूधदुभत्याचा मुलूख. १९९० साली लोकसंख्या ८६ हजार होती, २०२० च्या जनगणनेत ४ लाख २१ हजार झाली. तीस वर्षांत जवळजवळ पाचपट! गोव्याला ५ लाख ९० हजारांवरून (१९६०) १४ लाख ५९ हजारांवर (२०११) यायला पन्नास वर्षं लागली, आणि तरी आपण गुदमरलो म्हणतो. इथे पाचात एक माणूस आशियाई वंशाचा आहे. घरटी मध्यम उत्पन्न वर्षाला दीड लाख डॉलरांच्या वर, आणि या मोजमापात ही काउंटी अनेक वर्षं देशात पहिली किंवा पहिल्यांच्या रांगेत असते. आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेच्या बसथांब्यावर सकाळी तेलुगू आणि तमिळ ऐकू येते, मधूनच मराठी.

जुने लोक खूश आहेत का? मुळीच नाहीत. रस्ते तुंबले, शाळा भरल्या, मळ्यांवर वसाहती उठल्या, ही तक्रार मी इथे आलो त्या दिवसापासून ऐकतोय. माझ्याकडे बघून कोण मनात काय म्हणतं ते मला ठाऊक नाही असं नाही. पण भांडण उघड्यावर येतं तेव्हा ते एकरांचं, झाडांचं, विजेच्या तारांचं असतं. काउंटीच्या नऊ निवडून दिलेल्या सभासदांसमोर जाहीर सुनावणी होते, ज्याला बोलायचंय तो नाव नोंदवतो, ठरलेली मोजकी मिनिटं बोलतो आणि बसतो. एकदा माझ्या पुढच्या खुर्चीवर एक म्हातारा शेतकरी होता. बूट चिखलाचे, हातात नकाशाची घडी. बिल्डरच्या वकिलाने स्लाइड दाखवली तेव्हा त्याने नकाशा उलगडला आणि ओढा कुठून वाहतो ते बोटाने दाखवलं. स्लाइडवर ओढा नव्हताच. त्या रात्री निर्णय पुढे ढकलला गेला. नंतर काय झालं ते विचारू नका, घरं उभी राहिलीच. पण ओढा सोडून.

या काउंटीच्या पश्चिमेकडे आजही शेतं दिसतात. कारण नियम कडक आहे: बऱ्याच भागात २० एकरांना एक घर, काही भागात ४० एकरांना एक, घरं एकत्र गोळा करून बांधली तर थोडी सवलत. हा नियम सुखासुखी आला नाही. २००३ साली काउंटीने असाच नियम केला, जमीनमालक कोर्टात गेले, आणि २००५ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय? जाहीर नोटीस पुरेशी नव्हती. ती वाचून काय बदलतंय हे लोकांना नीट कळत नव्हतं. मग पुन्हा नोटिसा, पुन्हा सुनावण्या, आणि २००६ साली नवा नियम.

हे वाचून गोव्यातल्या माणसाला हसू येईल. आपल्याकडे २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११ (कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा) जाहीर झाला, गोवा बचाव अभियान रस्त्यावर उतरलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. तो विजय खराच. पण पुढे काय झालं? आराखडा जागेवर ठेवून त्याला भोकं पाडायची युक्ती निघाली. नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आलं: आराखड्यात चुकून राहिलेल्या गोष्टी दुरुस्त करायच्या म्हणून. चूक म्हणजे काय, तर कुणाचं तरी भातशेत किंवा बागायत वसाहतीच्या विभागात दाखवायचं राहून गेलं! एकेक सर्वे नंबर घेऊन दुरुस्त्या सुरू झाल्या. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले. तोवर २०२४ साली त्याच कायद्यात, आराखड्यातला जमिनीचा विभाग बदलून देणारं, कलम ३९अ आलेलंच होतं. त्यात तीस दिवसांची नोटीस ठेवली, हरकतींना जागा ठेवली, एवढी सुधारणा मान्य. पण ती नोटीस ग्रामसभेतल्या माझ्या काकीपर्यंत पोचते कशी, हा प्रश्न कुणाला पडत नाही. सर्वे नंबर वाचून आपल्या बांधाशेजारचं शेत ओळखणारा माणूस गावात आता किती घरांत उरला?

म्हणून मला वाटतं, जागा घेणारा कुठून आला हा प्रश्न आपण जरुरीपेक्षा जास्त विचारतो. दोन प्रश्न मात्र विचारायचे राहतात: जमिनीचा वापर बदलायचं ठरवलं कुणी आणि कुणासमोर? आणि बदलल्यावर तो माणूस दरवर्षी गावाला देतो किती?

दुसऱ्याबद्दल सांगतो, कारण तिथे माझा खिसा दुखतो. दर वर्षाच्या सुरुवातीला काउंटीचं पत्र येतं, त्यात माझ्या घराचा बाजारभाव लिहिलेला. २०२५ साली दर शंभर डॉलरला साडेऐंशी सेंट होता. म्हणजे आठ लाखांच्या घराला वर्षाला ६,४४० डॉलर. अर्धे ५ जूनला, अर्धे ५ डिसेंबरला. गाडीवरचा कर वेगळा. घरात राहा, न राहा, कुलूप लावून गोव्याला जा, पट्टी चुकत नाही. त्यातून शाळा चालतात, अग्निशमन चालतं, वाचनालयं चालतात. नागरिकत्व नसल्याने मला मत नाही, पण सुनावणीत बोलता येतं.

आता आसगावचं किंवा हळदोण्याचं घर घ्या. व्यवहार कोटींत. मुद्रांक शुल्क एकदाच, ते राज्याच्या तिजोरीत. पंचायतीची घरपट्टी मात्र बाजारभाव पाहून बसत नाही. पोहण्याचा तलाव असलेला बंगला आणि शेजारचं नळ्यांचं (कौलारू) घर यांच्या पट्टीतला फरक त्यांच्या किमतीतल्या फरकाच्या जवळपासही जात नाही. वर्षातले दहा महिने बंगल्याला कुलूप, कचरा उचलायचा पंचायतीने, टँकर मागवायचे गावाच्याच विहिरींवरून. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं दर पाचातलं एक घर बंद सापडलं होतं. आणि ती सगळी दिल्लीवाल्यांची नव्हेत हो. त्यात आखातात गेलेल्यांची आहेत, पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेलेल्यांची आहेत, आमचं एक आहे.

इथेच तो मूळ गोंयकार कोण हा वाद मला पटेनासा होतो. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचं पोगो (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन) विधेयक गोंयकार ठरवतं ते १९६१ च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्या पिढीवरून. त्या हिशोबाने माझी व्हर्जिनियात जन्मलेली मुलं गोंयकार. त्यांना कोकणीत पाणी मागता येत नाही. आणि म्हापशाच्या इस्पितळात जन्मलेला, सरकारी मराठी शाळेत शिकलेला, घरी कन्नड आणि बाजारात अस्खलित कोकणी बोलणारा प्लंबरचा मुलगा बाहेरचा. गोव्याचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.३ होता, दोन माणसांमागे दोन मुलंही नाहीत. जी आहेत त्यातली हुशार विमानात बसतात. मग नळ कोण दुरुस्त करणार, आणि म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे कोण नेणार? त्या प्लंबरच्या मुलाला घाटी म्हणून हिणवायचं आणि त्याच्याशिवाय चार दिवस चालवायचं नाही, हा ढोंगीपणा आहे.

पण इथलंही सगळं घ्यावं असं नाही. २० एकरांना एक घर, हा नियम शेत वाचवतो तसा गरिबालाही बाहेर ठेवतो. माझ्या मुलीची शिक्षिका रोज वेस्ट व्हर्जिनियातून गाडी हाकत येते, रूट नाइनवरून, अंधारात निघून. पगारात तिला इथे घर परवडत नाही. आमची हिरवळ कापणारी माणसं स्पॅनिश बोलतात आणि स्टर्लिंगच्या जुन्या, दाटीच्या घरांत राहतात. मोठ्या प्रकल्पात काही घरं स्वस्तात द्यायची सक्ती १९९३ पासून आहे, पुरत कधीच नाही. वर पट्टी थोडी आटोक्यात राहिली ती काउंटीतल्याच ॲशबर्नच्या डेटा सेंटरांमुळे. काउंटीच्या मालमत्ता कराचा जवळजवळ निम्मा भाग त्या बिनखिडक्यांच्या इमारतींतून येतो. त्यांची घरघर ऐकणारे शेजारी इतके चिडले की २०२५ च्या मार्चमध्ये काउंटीने त्यांची आपोआप परवानगी बंद केली. आता नव्या डेटा सेंटरच्या प्रस्तावाला सुनावणीला यावं लागतं.

हे सगळं मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा चुलतभावाने व्हॉइस मेसेज पाठवला. "तुका थंयसून उलोवंक कितें जाता? बाजारभावान पट्टी लायली जाल्यार पयलीं काकी भायर पडटली." तिथून बोलायला तुझं काय जातं, बाजारभावाने पट्टी लावली तर आधी काकीच बाहेर पडेल, हे त्याचं म्हणणं खरं आहे. काकीचं घर आज दोन-तीन कोटींना जाईल आणि तिच्या हातात महिन्याला पेन्शन येते. शेजारच्या बंगल्याने भाव चढवला म्हणून तिने पट्टी का भरावी?

त्याला मी इथला कायदा सांगितला. व्हर्जिनियात शेती चालू असेल तर जमिनीची पट्टी बाजारभावाने नव्हे, शेतीच्या मोलाने लागते. शेत मोडून घरं बांधली की चालू वर्षाची आणि मागच्या पाच वर्षांची फरकाची पट्टी व्याजासह वसूल होते. उत्पन्न मर्यादेत असलेल्या पासष्टीपुढच्या माणसांना राहत्या घराच्या पट्टीत सूट मिळते. म्हणजे काकी सुटते, भात लावणारा सुटतो. सापडतो तो शेत मोडणारा, आणि घर घेऊन कुलूप लावणारा.

भाऊ गप्प बसला नाही. त्याने आठवण करून दिली की आमच्या घराची वाटणी अजून झालेली नाही. आपल्याकडे इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करायची कोर्टाची प्रक्रिया) म्हणजे सगळे वारस, त्यांच्या बायका, नवरे, सगळ्यांच्या सह्या, आणि निम्मे वारस परदेशात. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. सगळ्यांची मुखत्यारपत्रं गोळा व्हायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात कंटाळून कुणीतरी म्हणतं, गिऱ्हाईक आलंय, विकून टाकूया. आसगावची घरं अशीच गेली. घेणारा दिल्लीचा असेल, पण सह्या आपल्याच होत्या, आणि बऱ्याचशा दूतावासाच्या शिक्क्याच्या.

आमच्या घराच्या मागच्या तीन खोल्या माझ्या वडिलांच्या वाट्याच्या समजल्या जातात. त्यांना बाहेरून कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे, इथे व्हर्जिनियात. मी भावाला कळवलंय की गावात कधी बंद घराची पट्टी लागू झाली तर पंचायतीने पहिली नोटीस त्या खोल्यांवर चिकटवावी, मी हरकत घेणार नाही. त्यावर त्याचा अंगठा आला. काकीने विचारलं, मग येतोस कधी वाटणी करायला?