कोल्हापूरला आरमार होतं. आता निदान शिडाची एक तालीम हवी, म्हणजे पोरांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारी जागा!

आधी मुंबईचं उदाहरण घेऊ. शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांचा तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ साली सुरू झाला. १८७६ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राणीकडून 'रॉयल' हा किताब मिळाला. १८८१ मध्ये अपोलो बंदरावर समुद्राला लागून क्लबहाऊस उभं राहिलं आणि १८९६ मध्ये त्याच्यासमोर जॉन अ‍ॅडम्स यांनी आखलेली निवासी इमारत. तेव्हा तिथं ताज हॉटेल नव्हतं, गेटवेही नव्हता.

पण या सगळ्या इतिहासात मला इमारतींपेक्षा एक दुसरीच गोष्ट फार मोठी वाटते. स्वातंत्र्यानंतर ते मूळ क्लबहाऊस क्लबच्या हातातून गेलं. १९४९ मध्ये तिथं होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या वास्तूचं उद्घाटन होईपर्यंत भारताच्या अणुविज्ञानाचं बरंचसं काम त्या 'जुन्या यॉट क्लबा'त झालं. क्लब समोरच्या इमारतीत गेला. साहेब मायदेशी गेले, वास्तू गेली, तरी शिडाच्या होड्या बंदरात उतरतच राहिल्या. हे आपल्या पेठेतल्या तालमीसारखंच आहे. हौद्यातली माती मळणारा आणि पोरांना डाव सांगणारा वस्ताद असला की तालीम चालते. पत्रे गळके असले तरी चालते.

आता याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ब्रिटिश काळात या क्लबात भारतीयांना सदस्यत्व नव्हतं. आपल्याच समुद्रावर, आपल्याच वाऱ्यावर शिडं चालायची आणि आपल्या माणसाला त्या दारातून आत जायची सोय नव्हती. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, त्या गावाच्या माणसाला हे वाचून राग येणारच. मलाही आला. म्हणूनच मला 'क्लब' नको आहे. त्यांची शिस्त, शर्यतींचं वेळापत्रक, होडी जपायची सवय आपण जरूर घ्यावी. ते बंद दार मात्र नको.

"कोल्हापूरचा आणि शिडाचा काय संबंध?" असं कुणीतरी विचारणार, म्हणून आधीच लिहितो. १७३१ च्या वारणेच्या तहानंतर सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं रीतसर वेगळी झाली. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे होते. शिवछत्रपतींनी बांधलेल्या त्या जलदुर्गावरून कोल्हापूरची गलबतं निघायची, आणि इंग्रजांना त्यांचा इतका जाच व्हायचा की १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेऊन त्याचं नावही बदललं, फोर्ट ऑगस्टस! पुढच्याच वर्षी तो परत करावा लागला. शेवटी १८१२ च्या तहानं मालवण गेलं आणि करवीर राज्याचा समुद्र संपला. त्यानंतर अवघ्या चौतीस वर्षांनी मुंबईत साहेबांनी हौसेसाठी यॉट क्लब काढला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात कालवतं.

आणि पाण्याशी आपला संबंध काही संपलेला नाही. पंचगंगा २००५, २०१९, २०२१ ला घरात आली. २०१९ मध्ये आंबेवाडी, चिखलीची माणसं होड्यांतून बाहेर काढावी लागली, नौदलाच्या तुकड्या इथं आल्या. त्याच पुरात शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. होडीत माणसं किती घ्यायची, वजन कुठं बसवायचं, प्रवाहाला तोंड कसं द्यायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, हे पूर आल्यावर शिकता येत नाही. नौकानयन शिकणारं पोर पहिल्या आठवड्यात हेच शिकतं. उलटलेली होडी सरळ करून पुन्हा तिच्यात चढणं हा तर पहिल्या धड्यांपैकी एक.

समुद्र नाही हे कारण मला पटत नाही. हैदराबादच्या हुसेन सागरात, भोपाळच्या मोठ्या तलावात शिडाच्या होड्या चालतात आणि तिथली पोरं राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासून मुळेच्या पाण्यावर होते. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार. सैन्यात गेला, २०१२ मध्ये पहिल्यांदा वल्हं हातात धरलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंग केलं! 'तृष्णा' नावाच्या नौकेतून १९८५ ते १९८७ मध्ये जगप्रदक्षिणा करणारे भारतीय सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरचे होते. आणि एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे, मराठी माणूस, २०१० मध्ये 'म्हादेई' घेऊन मुंबईला परतले.

जलतरणातला वीरधवल खाडे, नेमबाजीतले तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ही आपल्या जिल्ह्याची पोरं. त्यांच्या खेळांचीही इथं कुस्तीसारखी मोठी परंपरा नव्हती. कुणीतरी सुरुवात केली.

माझं मागणं लहान आहे. रंकाळा नको, तिथं गर्दी आहे आणि पाण्याचे स्वतःचेच प्रश्न आहेत. कळंब्याचं पाणी प्यायचं, तेही नको. राजाराम तलाव घ्या. मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची होडी असते, सव्वादोन मीटरपेक्षा थोडी लांब, पस्तीस किलोची, एक शीड, एक सुकाणू. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती एकटी चालवतात. अशा चार होड्या, सोबत एक इंजिनाची बचाव बोट, सगळ्यांना जॅकेट आणि एक जाणकार प्रशिक्षक. फी परवडत नाही म्हणून एकही पोर काठावर बसून राहता कामा नये, ही अट मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायची. शिंगणापूरचं, उचगावचं, पूरपट्ट्यातल्या चिखलीचं पोर आधी.

आपल्या जिल्ह्यात सैन्यातून, नौदलातून निवृत्त होऊन आलेली माणसं घरोघरी आहेत. तुमच्यापैकी कुणी शिडाची होडी चालवली असेल, किंवा तुमचे काका, मामा, शेजारी असतील, तर खाली लिहा. तलावाच्या परवानगीसाठी कुणाकडे अर्ज करायचा हे ज्याला नेमकं ठाऊक आहे त्यानंही लिहा. अर्ज मी लिहितो, सह्या गोळा करायला रविवारी सकाळी माझ्याबरोबर कोण येणार ते सांगा.